घरची नऊ माणसं घेऊन रविवारी सकाळी मिसळीला जायचंय, कसं जमवू?

आठवी_गल्ली

कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. माहेर सातारा, त्यामुळे मिसळीच्या बाबतीत या घरात माझं मत कुणी विचारत नाही. सगळी जुळवाजुळव मात्र माझ्याच गळ्यात पडते.

येत्या रविवारी नणंदबाई नाशिकहून येताहेत. सोबत दाजी (ह्यांचे दाजी, म्हणून माझेही दाजीच) आणि दोन मुली, एक चौदाची, एक सहाची. शनिवारी रात्री पोचणार, सोमवारी पहाटे परत. म्हणजे एकच सकाळ हाताशी. नणंदबाईंनी फोनवर बजावून ठेवलंय, घरात पोहे, उप्पीट काहीही करायचं नाही, मला लहानपणी आबांबरोबर जायचो तशी मिसळ खायचीय. आबा म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते.

मामांचं वय ७६. त्यांचा नियम ठरलेला आहे. मिसळ बाकड्यावर बसून खायची. टेबलावर कापड आलं, हातात मेनूकार्ड आलं, की त्यांच्या मते ती मिसळ बिघडली. दिवाळीत आम्ही सगळ्यांना शहराबाहेरच्या एका लॉन आणि कारंजंवाल्या हॉटेलात नेलं होतं (नाव लिहीत नाही). झोपाळा होता, पोरं खूश. मिसळ यायला पाऊण तास लागला, आणि आली ती गोडसर. मामा एक शब्द बोलले नाहीत. येताना एका गाड्यापाशी मात्र "जरा थांब रे" म्हणाले आणि उभ्या उभ्या दोन कटवडे खाल्ले. तो टोमणा कुणाला होता ते मला कळलं.

आता दुसरी बाजू. सासूबाईंच्या (आत्यांच्या) गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. बिनपाठीच्या बाकड्यावर बसणं त्यांना शिक्षा आहे, पाय लांब केल्याशिवाय बसवत नाही. पण त्या तसं बोलणार नाहीत. "तुम्ही जाऊन या, मी हाय घरात" म्हणतील आणि रात्रीच्या भाकरीचा कुस्करा करून खातील. दर वेळी हेच होतं. या वेळी मला ते होऊ द्यायचं नाही.

दाजींना ॲसिडिटी. सहा वर्षांच्या पोरीला तिखट अजिबात चालत नाही. माझा मुलगा अकरा वर्षांचा, तो कट (मिसळीचा तिखट रस्सा) पितो, त्याची काळजी नाही.

तर सांगा: बाकडंही हवं आणि आत्यांनाही बसता यावं, असं कसं जमवायचं? किती वाजता निघायचं? आणि धाकटीला तिथं खायला काय मागायचं?

पेठेतला_बारक्या

वैनी, टेन्शन घिऊ नका. पाव्हण्यास्नी बावड्याला न्या, न्हाईतर उद्यमनगरात फडतऱ्यांकडं न्या, न्हाईतर खासबागेपाशी. विषय कट!

फकस्त एक. आठच्या आत गाडी हलली पायजे. नऊ वाजल्यानंतर पुण्या-मुंबईच्या गाड्या येत्यात, अंबाबाईचं दर्शन झालं की सगळी डायरेक्ट मिसळीवर. मग तुमी हुबंच ऱ्हातासा आन् फुडचा माणूस फोटो काढत बसतोय.

दाजींला पयल्या घासानंतर पाणी दिऊ नका, दही द्या. माझा मुंबईचा दोस्त आलता, त्यानं अख्खा जग रिकामा केला, तरी डोळ्यातनं पाणी थांबंना. नाद न्हाई करायचा.

आठवी_गल्ली

@पेठेतला_बारक्या, ठिकाणं माहीत आहेत हो. अडचण नऊ जणांना एका वेळी बसवायची आहे. आठच्या आत म्हणजे दाजींना सातला उठवायचं, तेही शनिवारच्या प्रवासानंतर. बघू.

कढईपलीकडची

माझ्या सासरी मिसळीचं दुकान आहे. नाव सांगत नाही, नाहीतर हे उत्तर जाहिरात वाटेल. गल्ल्यावर बसलेय, मागं कांदाही चिरलाय. म्हणून दोन्हीकडचं सांगते.

पहिलं म्हणजे नऊ जणांची जागा मागूच नका. लहान दुकानात एका टेबलाला चार माणसं, दाटीवाटीनं पाच. नऊ मागितले की पोऱ्या म्हणणार "थांबा", कारण शेजारशेजारची दोन टेबलं एकदम रिकामी होणं रविवारी होत नाही. तुमच्या मागून आलेले दोघं-तिघं बसत जातात आणि तुम्ही दारातच. "चार आणि पाच, कुठंही चालेल" म्हणा. मामा, नणंदबाई, दाजी आणि मोठी मुलगी आधी बसवा. बापलेकीला जी मिसळ हवी आहे ती त्या टेबलावर होईल. तुम्ही, तुमचे मिस्टर, आत्या आणि दोन्ही पोरं दुसऱ्या टेबलावर. एकमेकांकडं बघत खायला नऊ माणसांना घरी रात्रीचं जेवण आहेच की.

आत्यांना रांगेत उभं करू नका. गाडीत बसू द्या, जागा झाली की फोन करा. बसवताना भिंतीकडच्या टोकाला बसवा म्हणजे पाठीला टेका मिळतो. पाय मधल्या वाटेवर लांब करू देऊ नका, त्या वाटेनं पोरं उकळत्या कटाची बादली घेऊन पळत असतात. आमच्याकडं एकदा होता होता वाचलं, त्यानंतर माझा जीव तिथंच असतो. पायाखाली घ्यायला स्टूल मागा. जवळजवळ प्रत्येक दुकानात मागच्या बाजूला कांद्याच्या पोत्यापाशी एखादी प्लास्टिकची खुर्ची किंवा स्टूल असतंच. मागितलं तर देतात, आपणहून कुणी देत नाही.

आता जे कुणी बोलत नाही ते बोलते. लहान दुकानांत बायकांना जायची सोय बहुतेक नसते, आणि असली तरी तुम्ही आत्यांना तिथं पाठवणार नाही. म्हाताऱ्या बायका बाहेर खायला यायला नको म्हणतात त्याचं निम्मं कारण गुडघा नसून हे असतं. साखरेची गोळी किंवा बीपीची पाणी काढणारी गोळी सकाळी घेत असतील तर आणखीनच. त्या तोंडानं सांगणार नाहीत, म्हणून तुम्हीच हिशेब करा. घरून निघताना सगळं उरकून निघायचं आणि तासाभरात घरी पोचायचं. राजारामपुरीतून उद्यमनगर जवळ पडतं, बावडा त्या मानानं लांब. मी तुमच्या जागी असते तर नाव किती मोठं आहे ते न बघता घर किती जवळ आहे ते बघितलं असतं. आणि आत्यांना आदल्या रात्रीच एकटीला गाठून सांगा की तासात परत येणार आहोत. बघा, "मी हाय घरात" निघतंय का.

वेळ. आठला पोचा हे बरोबर, पण गर्दी हे त्याचं एकच कारण नाही. कट पहाटे होतो. कांदा, सुकं खोबरं, तीळ भाजून वाटायचं, आलं-लसूण, आणि आपली चटणी, म्हणजे कांदा-लसणाचा मसाला. त्यात ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी जाळाला. हे सगळं तेलात इतकं परतायचं की तेल सुटून वर येतं, तीच तर्री. सकाळी सात-आठला कट पातळ आणि मोकळा असतो. मग तो आचेवर उकळतच राहतो. आटला की पाणी, पाणी घातलं की पुन्हा मीठ-चटणी. दहानंतरचा कट दाट, खारट, जाळ जास्त. गिऱ्हाईकाला वाटतं हाच खरा झणझणीत. आम्ही घरचे लोक मात्र पहिल्या पातेल्यातलाच खातो.

दाजींसाठी एक युक्ती. तिखटाचा जाळ मिरचीतल्या ज्या घटकामुळं होतो तो तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणजे जाळ बराचसा वरच्या तर्रीत असतो. पोऱ्याला सांगायचं, "वरची तर्री नको, पळी खाली घालून तळातला दे." तेल कमी, जाळ कमी, चव तीच. "कमी तिखट द्या" म्हणू नका. कमी तिखटाचं वेगळं पातेलं नसतंच, तुम्हाला "हो" म्हणतील आणि तेच वाढतील. बारक्याभाऊंनी दही सांगितलंय ते बरोबर. दुधा-दह्यातलं स्निग्ध आणि प्रथिनं तो जाळ धरतात, पाणी तो तोंडभर पसरवतं. त्यांची गोळी असेल तर ती उपाशीपोटी घेऊनच निघू दे.

धाकटीला कोरडा फरसाण, वर दही, थोडी साखर आणि ब्रेड. काही ठिकाणी मिसळीच्या तळाला बटाट्याची पिवळी भाजी असते, ती वेगळी मागता येते, फार तिखट नसते. मटकी मात्र कटात शिजलेली असेल तर तिला देऊ नका.

ब्रेड आपल्याकडं स्लाइसचा असतो हे नाशिककरांना आधी सांगून ठेवा. लादी पाव शोधत बसतील.

आबा_निवृत्त

सूनबाई, तुमच्या मामांची बाजू घ्यायला आलोय.

तुमच्या पिढीला बाकडं म्हणजे गैरसोय वाटते. वाटणारच, गुडघा ज्याचा त्याला माहीत. पण उद्यमनगरातली मिसळ कुणासाठी सुरू झाली? फौंड्रीत, लेथवर, ऑइल इंजिनच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्या माणसांसाठी. त्याला दहा मिनिटांत पोटभर आणि झणझणीत पाहिजे होतं. शेजारी मालक बसलाय का हमाल, हे बघायला वेळ कुणाला? बाकडं लांब होतं, सरकून बसायचं. तालमीतली पोरं, वकील, मापाड्या, सगळे त्याच लाकडावर.

आणि हे कोल्हापुरात आपोआप झालेलं नाही. गंगाराम कांबळे हे नाव घरातल्या चौदा वर्षांच्या पोरीला सांगा. सरकारी पागेत नोकरीला असलेला हा माणूस, पाण्याला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्याला स्वतःच्या पायावर उभं राहायला मदत केली आणि त्यानं भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं, सत्यसुधारक. लोक तिथं चहा प्यायला बिचकत होते. महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवून प्यायचे, बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही पाजायचे. राजानं घेतला म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम संस्थानात १९१९ सालचे. कायदा कागदावर काढून ते थांबले नाहीत, कपातला चहा पिऊन दाखवला. मला तरी अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून खाताना हे आठवतं. लॉनवरच्या हॉटेलात चार-चार खुर्च्यांची बेटं केलेली असतात, तिथं आठवत नाही.

तेव्हा मामांचा हट्ट नुसता म्हातारपणाचा समजू नका. ते सांगत नसतील एवढंच.

लांबलं. कामाचं सांगतो. पाहुण्यांना मिसळीआधी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर न्या. म्हैस समोर उभी, समोर धार काढतात, फेसाळ दूध ग्लासात. आम्ही तालमीतनं थेट तिथं जायचो. पोरींना नाशिकला हे बघायला मिळणार नाही. पोटाला आधी दूध गेलं की मिसळ बाधत नाही हा आमचा अनुभव.

मिसळीनंतर खासबागेचं कुस्तीचं मैदान दाखवा. १९१२ सालचं, महाराजांनीच बांधलेलं. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, त्या रात्री आम्ही कितीतरी म्हातारे रस्त्यावर उभे होतो. त्याविषयी इथं नको.

कढईपलीकडची

आबा, गंगारामांची गोष्ट माझ्या सासऱ्यांनीही सांगितली होती, छान लिहिलंत. पण दुधाला माझा विरोध. तुमची पोटं तालमीतली. बाहेरगावच्या सहा वर्षांच्या पोरीला न तापवलेलं दूध आणि त्यावर मिसळघरातलं दही, मग सोमवारी पहाटेचा प्रवास? म्हैस दाखवा, धार दाखवा, दूध किटलीत घेऊन घरी उकळा.

आणि बाकड्याचा अभिमान ठीक आहे, पण त्या लांब बाकड्यावर तेव्हा बायका किती बसायच्या तेही सांगा. माझ्या आजेसासूबाई ज्या दुकानाचा मसाला रोज कुटायच्या, त्या दुकानात बसून त्यांनी कधी मिसळ खाल्ली नाही.

आबा_निवृत्त

मान्य. बायका पार्सल नेत. माझी आईसुद्धा डबा देऊन मला पाठवायची.

दुधाबद्दलही मान्य, पण नाखुशीनं.

गोदाकाठचा_जावई

नाशिकचा, सासर कोल्हापूर, म्हणजे तुमच्या दाजींच्या जागी मी बऱ्याचदा बसलेलो आहे. त्यांच्या वतीनं दोन शब्द.

आमच्याकडे रविवारची मिसळ म्हणजे निम्मी सकाळ. शहराबाहेर मळ्यातली हॉटेलं, झाडाखाली टेबलं, काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, शेवटी जिलेबी. माणसं दोन-दोन तास बसतात. कोल्हापुरात ताट समोर येतं आणि मागं पुढचा माणूस उभा असतो. पहिल्यांदा मला वाटलं सासरचे लोक रागावलेत, कुणी बोलतच नव्हतं. नंतर कळलं, खाताना बोलायचं नसतं, बोलणं बाहेर पान खाताना.

म्हणून दाजींना आधी सांगा की इथं पापड मागू नका. मी मागितला होता. सासऱ्यांनी अजून सोडलेलं नाही.

तिखटाचं म्हणाल तर कोल्हापूरची मिसळ लोक समजतात तेवढी तिखट नाही. लाल दिसते म्हणून माणूस घाबरतो. काळा रस्सा दिसायला साधा, पण माझ्या मते पोटात जास्त बोलतो. आणि कुठली श्रेष्ठ हा वाद टेबलावर निघालाच, तर सांगा की २०१५ मध्ये लंडनला बक्षीस मिळालं ते दादरच्या मिसळीला. दोन्ही बाजू गप्प होतात, मी करून बघितलंय.

पेठेतला_बारक्या

दादर?? त्या मिसळीत तिखट कुठंय? लंडनच्या माणसाला झेपली म्हणजे समजा की.

आठवी_गल्ली

रविवार पार पडला. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना सांगणं भाग आहे.

कढईपलीकडची ताई, तुम्ही म्हणालात तसं शनिवारी रात्री भांडी आवरताना आत्यांना एकटीला सांगितलं, की जवळच जायचंय, तासात परत, आणि निघताना मी तुमच्यासाठी थांबेन. त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी सहाला बघते तर आंघोळ करून, इस्त्रीचं लुगडं नेसून तयार. दाजी झोपलेले आणि त्या हॉलमध्ये पिशवी घेऊन बसलेल्या. मग दाजींना उठवायला मला जावं लागलं नाही, त्यांच्या खोलीबाहेर आत्यांनीच दोन वेळा भांडं आपटलं.

आठला दहा कमी असताना पोचलो. चार-पाच सांगितलं आणि खरंच पाच मिनिटांत पहिले चौघे बसले. दुसऱ्या टेबलाला वेळ लागला. आत्या गाडीत बसल्या होत्या, शेजारच्या लेथच्या दुकानाचा मालक शटर उघडत होता, त्याच्याशी त्यांनी ओळख काढली. त्याची आई त्यांच्या गावची निघाली. आम्हाला जागा झाली तेव्हा त्याच माणसानं आपल्या दुकानातलं स्टूल आणून दिलं, मागायचीही वेळ आली नाही.

मामांच्या टेबलावर काय चाललंय ते मला पाठीमागून ऐकू येत होतं. नणंदबाई खाता खाता "आबा, तेव्हा इथं काळा पाटा होता ना" वगैरे विचारत होत्या आणि मामा फक्त "हं" म्हणत होते. मोठी मुलगी फोटो काढायला लागली तेव्हा म्हणाले, "आधी खा, निवलं तर फोटोच चाटायला लागेल." गंगाराम कांबळ्यांची गोष्ट मी तिला गाडीत सांगितली होती. तिनं ती मामांनाच उलट ऐकवली. मामांना ती माहीत होती, पण पूर्ण ऐकून घेतली, मध्ये एकदाच दुरुस्ती केली.

दाजींना तळातला कट वाढून घेतला. वाढणारा पोरगा हसला, "घरचं कुणी हाय व्हय हॉटेलात?" म्हणाला. दाजींनी तीन ब्रेड जास्त खाल्ले, गोळी आधी घेतली होती, दिवसभर त्रास नाही. पापड मागितला नाही. मागणार होते, तोंड उघडलं होतं, नणंदबाईंनी पायावर पाय दिला.

धाकटीनं फरसाण, दही, साखर एवढं खाल्लं की आता नाशिकला तेच मागणार म्हणे.

आणि आत्या. त्यांनी कट दोनदा मागवला. तिसऱ्यांदा तो पोरगा बादली घेऊन आला तर त्याला म्हणाल्या, "तीळ कमी पडल्यात आज. सांग आत." पोरगा खरंच आत जाऊन सांगून आला. आतून मालक बाहेर आला, आत्यांकडं बघितलं, "मावशी, तीळ आज थोडं जळलं, म्हणून कमी घातलं" म्हणाला. मामांनी मान वळवून बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांना ते कळलं नव्हतं आणि आत्यांना एका वाटीत कळलं, हे त्यांना झेपलेलं नाही असं माझं मत आहे. घरी आल्यावर दोन वेळा "तीळ कमी होते होय?" असं विचारून झालं.

गंगावेशीत संध्याकाळी गेलो. मुलींनी धार बघितली, दूध घरी आणून उकळलं. मामांनी तिथंच ग्लास घेतला. आबा, तुमची दोस्ती होईल त्यांच्याशी.

आता नवीन प्रश्न, आणि घाईचा आहे. नणंदबाईंनी दोन लिटर कट पार्सल घेतलाय, नाशिकला सासूबाईंना खाऊ घालायला. पहाटे चारला निघताहेत. आत्ता फ्रीजमध्ये आहे. पोचेपर्यंत टिकेल का? मटकी आणि कट एकातच भरून दिलंय.

कढईपलीकडची

तीळ जळलं की लगेच कडवट लागतं, म्हणून कमी घातलं असणार. आत्यांना आमच्या दुकानात पाठवून द्या, पगार देते.

कटाचं आत्ताच करा. मटकी गाळून वेगळी काढा, मटकी आधी आंबते आणि सगळंच घालवते. मटकी आजच घरी संपवून टाका, नाशिकला ताजी मोड आणून घालता येईल. नुसता कट खळखळून उकळा, पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना झाकण लावू नका. मग स्टीलच्या किंवा जाड प्लास्टिकच्या डब्यात भरून झोपायच्या आधी फ्रीजरमध्ये ठेवा. पहाटेपर्यंत पूर्ण गोठणार नाही, पण चांगला थंडगार होईल. वरची तर्री काढू नका, तेलाचा थर वर असलेला बरा. डबा वर्तमानपत्रात आणि टॉवेलात गुंडाळून एसीच्या गाडीत पायाशी ठेवायचा, डिकीत नाही, डिकी तापते. बर्फाची पिशवी असेल तर शेजारी. वाटणात खोबरं आहे, उन्हात खवट वास पकडतो. पोचल्या पोचल्या परत उकळून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. उघडल्यावर आंबूस वास आला किंवा बुडबुडे दिसले तर जीव नाही लावायचा, ओतून टाकायचा.

फरसाण इथलाच न्या, त्यांच्याकडची शेव जाड असते, कटात वेगळी लागते. आणि किलोभर चटणी द्या बांधून. कट गेला तरी ती वर्षभर टिकेल, आत्यांना फोनवर प्रमाण विचारता येईल.

आठवी_गल्ली

मटकी गाळतेय. चटणीचा डबा आत्यांनी आधीच भरून ठेवलाय, वर तीळही वेगळे बांधलेत.

गोदाकाठचा_जावई

नाशिकला पोचल्यावर कट कसा निघाला ते इथं लिहायला सांगा. माझ्या सासूबाई दर वेळी देतात आणि मी दर वेळी पुण्याच्या पुढं आलो की डबा उघडून वास घेतो.